ब्लँकेट ऊब देते का?

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून २०२२ साली प्रवासी विमाने उडू लागली. लांब पल्ल्याची विमाने दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात. तिथे बाहेरचे तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आतले सुखकर राखलेले असते. तरी थंडी का वाजते? आतली हवा फार कोरडी असल्याने त्वचेवरची ओल झपाट्याने उडते, शिवाय आपण तासन्‌तास बसून असतो. म्हणून ब्लँकेट देतात. ते उष्णता निर्माण करत नाही. धाग्यांत अडकलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वर्गात बर्फाचे दोन सारखे खडे घेऊन एक लोकरीत गुंडाळून पाहू. तोच उशिरा वितळेल! विदर्भ एक्स्प्रेसच्या वातानुकूलित डब्यातल्याप्रमाणेच विमानातले ब्लँकेटही उतरताना तिथेच ठेवायचे. ते पुढच्या प्रवाशाच्या कामी येते.