आधी घर झाकायचं

पहाटे साडेपाच

वीज नव्हती. उजेड फुटायची वाट बघितली आणि पडवीत सामान मांडलं. तारीख ४ जून २०२०. आदल्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं होतं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. आम्ही श्रीवर्धन तालुक्यातले, म्हणजे अगदी त्याच्या वाटेतले. रात्रभर मोबाइल लागत नव्हता. नारळ-पोफळी रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, त्यामुळे टेम्पो बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता.

टाळेबंदीमुळे मार्चपासून प्लायवूडचा नवा माल आलेला नव्हता. शेडमध्ये काय उरलंय ते बघितलं. बारा एमएमच्या आठ बाय चारच्या थोड्या शीट, जुन्या कपाटांचे पल्ले, ताडपत्र्या, बाइंडिंग तारेचं वेटोळं, स्क्रूची पाकिटं. बॅटरीवर चालणारी ड्रिल मशीन वादळाच्या आदल्या रात्री चार्ज करून ठेवली होती. थोरल्याला आणि पुतण्याला बजावलं, मशीन फक्त अडेल तिथे काढायची. लाकडात भोक गिरमिटाने पाडायचं आणि स्क्रू हाताने पिळायचे. बॅटरी संपली तर भरायला वीज कुठे आहे?

दुसरी गोष्ट दोघांनाही पटवायला जरा वेळ लागला. आज दुरुस्ती करायची नाही. चौकट वाकडी झालेली दिसली की सुताराचा हात आपोआप रंध्याकडे जातो. पण एक दार नीट बसवायला अर्धा दिवस लागतो, आणि तेवढ्या वेळात चार घरं झाकून होतात. वादळात घराचं जेवढं नुकसान होतं, त्यापेक्षा जास्त पुढच्या आठवडाभराच्या पावसात होतं. भिंती पाणी पितात, धान्याला कोंब येतात, अंथरुणं कुजतात, विजेच्या वायरिंगमध्ये पाणी शिरतं. पाऊस तर दारातच आला होता. केरळात मोसमी पाऊस १ जूनला पोहोचला होता, आपल्याकडे यायला किती दिवस लागणार?

सकाळी सात

माणसं चालत यायला लागली. कुणाचं दार गेलं, कुणाच्या खिडक्या, कुणाचं आख्खं छप्पर. प्रत्येकाला वाटत होतं आधी माझ्याकडे या, आणि ते वाटणं खरंच होतं. मी तीनच प्रश्न विचारत होतो. रात्री कुठे झोपलात? घरात लहान मूल, म्हातारं माणूस, बाळंतीण कोण आहे? पाणी कुठल्या बाजूने येतंय? किती मोडलं हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नव्हतो. सगळं मोडलेल्या घरातली माणसं बहुधा शेजारी किंवा शाळेत गेलेली असतात. अर्धं मोडलेल्या घरातली माणसं मात्र तिथेच ओल्यात बसून राहतात. त्यांच्याकडे आधी जायला हवं.

समुद्राकडच्या बंगल्यातले एक गृहस्थ आले. मोठमोठ्या काचेच्या खिडक्या होत्या त्यांच्या. म्हणाले, "दादा, पैशाचं बघू नका, आत्ता चला." मी म्हटलं, "साहेब, तुमच्याकडे दुपारनंतर येतो. तोवर पडदे काढा, सामान खोलीच्या मधोमध ओढा, त्यावर प्लास्टिक टाका, मेन स्विच खाली करा. काचेला मात्र हात लावू नका." ते काही बोलले नाहीत, मान हलवून गेले. संध्याकाळी गेलो तेव्हा सांगितलं होतं तसं सगळं करून ठेवलं होतं.

आठ

पहिलं घर एका आजींचं. लेक-सून मुंबईत, घरात त्या एकट्याच. पुढचं दार बिजागऱ्यांसकट उखडून अंगणात पडलेलं, आणि माजघराच्या खिडकीची तावदानं फुटलेली. आजी ओटीवर बसून हाताने काचा गोळा करत होत्या. आधी त्यांना उठवलं.

काचेचं काम सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावकाश करायचं. जुन्या खिडकीतली साधी काच फुटली की तिचे लांब, सुरीच्या पात्यासारखे तुकडे होतात आणि ते पुट्टीला लटकून राहतात. ते नेहमी वरून खाली काढत यायचं. खालचा तुकडा आधी ओढला तर वरचा थेट मनगटावर येतो. हातात चामडी मोजे, डोळ्यांवर गॉगल, आणि खिडकीखाली गोणपाट, म्हणजे तुकडे मातीत मिसळत नाहीत. अंगणात अनवाणी फिरणारी पोरं असतात, गुरं असतात. एक घर झाकायला जेवढा वेळ लागतो, त्यातला निम्मा वेळ काचेत जातो. तो वाचवायचा नसतो.

दाराची चौकट शाबूत होती, बिजागऱ्यांचे स्क्रूच तेवढे निघाले होते. जुनी भोकं ढिली झाली की तिथे पुन्हा स्क्रू धरत नाही. भोकात बांबूच्या काड्या ठोकल्या, त्यावर लांब स्क्रू पिळले, आणि दार पुन्हा उभं राहिलं. उघडताना उंबरठ्याला घासत होतं. आजी म्हणाल्या, "घासू दे रे बाळा, बंद होतंय ना?" मी आतली कडी लावून दाखवली. एकट्या माणसाच्या घरात कडी लागते की नाही, यावर रात्रीची झोप अवलंबून असते.

दहा

खिडकी झाकायची म्हणजे फळी ठोकायची, असं लोकांना वाटतं. आमच्याकडची घरं जांभ्याच्या चिऱ्याची. चिऱ्यात खिळा मारला की तो भुगा करत आत जातो आणि एका झोताबरोबर बाहेर येतो. आणि चौकटीत खिळे मारत सुटलं तर उद्या खरी झडप बसवायला चौकटच राहत नाही. म्हणून आम्ही शक्यतो भिंतीला-चौकटीला भोकं न पाडता काम करतो. कोकणातल्या खिडकीला गज असतात, त्यांचा उपयोग करायचा. बाहेरून प्लायवूड, खिडकीपेक्षा चारही बाजूंनी चार-चार बोटं मोठं. आतून गजांमागे दोन आडव्या पट्ट्या. प्लायमध्ये जोडीजोडीने भोकं पाडून त्यांतून बाइंडिंग तार ओवायची, आतल्या पट्टीभोवती फिरवायची आणि पकडीने पीळ देत जायचं. प्लाय आणि पट्टी यांच्यामध्ये चौकट आवळली जाते. वाऱ्याने बाहेर ओढलं तरी पट्टी धरते, आत ढकललं तरी चौकट धरते. काढताना तार कापली की झालं, चौकटीवर ओरखडासुद्धा राहत नाही.

प्लायचा वरचा काठ छज्ज्याच्या किंवा कौलांच्या पागोळ्यांच्या आतच यायला हवा, नाहीतर भिंतीवरून उतरलेलं पाणी फळीच्या मागे शिरतं. कापलेल्या कडांना ऑइलपेंटचा हात मारायचा, कारण प्लाय पाणी पितं ते कडेनेच. आणि सगळी खिडकी हवाबंद करायची नाही. खाली बोटभर फट ठेवायची. ओलं घर चारी बाजूंनी कोंडलं तर दोन दिवसांत भिंतींवर बुरशी धरते.

त्याच आळीत एका घराची कौलं उडाली होती, शेजारच्या घराची मात्र जागेवर होती. दोन्ही घरं एका वयाची, एकाच पद्धतीने बांधलेली. फरक एवढाच, की पहिल्या घराची वाऱ्याकडची खिडकी वादळ सुरू होताच उघडली होती. वारा आत शिरला की त्याला बाहेर जायला जागा लागते. तो छपराला खालून रेटतो, आणि त्याच वेळी बाहेरचा वारा छपराला वर ओढत असतो. कौलं आतून उचलली जातात ती अशी. आमच्या घरांना पश्चिमेचा पाऊस ठाऊक आहे. त्या बाजूला खिडक्या लहान ठेवायच्या, पडवीला झापांचा आडोसा बांधायचा, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पण चक्रीवादळाचं केंद्र जवळून गेलं की वारा दिशा फिरवतो, आणि जिकडे कधी आडोसा लागला नाही तिकडूनही येतो. पूर्वेच्या मोठ्या खिडक्या त्या दिवशी फुटलेल्या बघितल्या तेव्हा हे नीट कळलं.

साडेअकरा

प्लाय संपलं. गावाच्या टोकाला टाळेबंदीमुळे अर्धवट थांबलेलं एक बांधकाम होतं, तिथे सेंट्रिंगच्या फळ्या रचलेल्या होत्या. मालक मुंबईला, फोन लागत नाही. तिथल्या राखणदाराशी बोललो, फळ्या त्याच्यासमोर मोजल्या, वहीत आकडा लिहिला आणि खाली दोघांनी सह्या केल्या. अशा दिवशी माल उचलायचाच असतो, पण लिहून उचलायचा.

पट्ट्यांची सोय वादळानेच केली होती. पोफळी शेकड्यांनी पडल्या होत्या. श्रीवर्धनचा रोठा म्हणून जिचं नाव आहे ती सुपारी, वर्षानुवर्षं जपलेली झाडं. त्यांच्यावर करवत चालवताना हात जड होत होता. बागायतदार स्वतःच म्हणाले, "न्या. आता ती कुणाच्या तरी उपयोगाला येऊ दे." पोफळीचा आतला गाभा मऊ, पण बाहेरची साल कडक आणि सरळ चिरते. सालीच्या दोन-दोन बोटं रुंद चिपा काढल्या. त्यात खिळा मारला तर त्या फुटतात, म्हणून आधी गिरमिटाने भोक किंवा सरळ तारेनेच बांधणी. ताडपत्री लावायलाही त्याच वापरल्या. ताडपत्रीचा काठ चिपेभोवती दोन वेढे गुंडाळून मग चिप चौकटीला स्क्रूने बसवायची. नुसत्या कड्यांतून सुतळी ओवून बांधली तर पहिल्या वाऱ्याला कडी फाटून हातात येते. ताडपत्र्या संपल्यावर लोकांनी जुने फ्लेक्स आणून दिले. जाड फ्लेक्स दुहेरी करून लावला की आठवडा सहज निघतो.

दुपारी एक

एका घरी भात आणि कुळथाचं पिठलं मिळालं. चूल पडवीत पेटवली होती. जेवून लगेच उठलो.

दोन

पुढच्या घरी गृहस्थ दारातच अडवून उभे. "पंचनामा होऊ दे. आत्ता झाकलंत तर साहेब म्हणतील, तुमचं काय मोडलंय?" ही भीती मला दिवसभर भेटत होती. तिला हसून चालत नाही, कारण मदत मिळणार ती त्या कागदावरच. पण तलाठी तरी किती? रस्ते बंद, आणि एकेकाकडे कितीतरी गावं. मी म्हटलं, "काका, आधी फोटो काढू. पूर्ण भिंतीचा, मग खिडकीचा जवळून, मग आतल्या भिजलेल्या सामानाचा. मोडलेली झडप, फुटलेलं तावदान यातलं काही फेकायचं नाही, पडवीच्या कोपऱ्यात रचून ठेवायचं. शेजारच्या दोघांना दाखवून ठेवा." पुतण्याच्या मोबाइलमध्ये थोडी बॅटरी शिल्लक होती, ती त्या दिवशी फोटोंसाठीच राखली होती. मग काका बाजूला झाले. त्यांच्या मागे सून लहान मुलाला कडेवर घेऊन उभी होती, आणि घरात कोरडा असा एकच कोपरा होता.

माझं मत मी इथे स्पष्ट सांगतो. घर तात्पुरतं झाकल्याने नुकसानभरपाई कमी होणार नाही, हे सरकारने वादळाच्या आधीच गावोगाव दवंडी पिटून सांगायला हवं. तेवढ्या एका भरवशावर कितीतरी घरांतलं धान्य वाचेल.

साडेतीन

चाकरमान्यांची बंद घरं. दरवर्षी मे महिन्यात ही घरं माणसांनी भरलेली असतात. त्या वर्षी जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागत होता, त्यामुळे घरं कुलपात होती आणि मालकांना इथलं काही कळायचा मार्ग नव्हता. एका घराचं मागचं दार फळ्या निखळून उघडं पडलं होतं. परक्याच्या घरात मालकाला न विचारता शिरायचं का? मी एकटा शिरलो नसतो. शेजारच्या काकूंना आणि पोलीसपाटलांना सोबत घेतलं. आत जाऊन फक्त तीन कामं केली. मेन स्विच बंद केला, देव आणि कागदपत्रांची पेटी कोरड्या माळ्यावर ठेवली, आणि धान्याचे डबे उंचावर उचलले. काय उचललं, कुठे ठेवलं ते काकूंनी लिहून घेतलं. मग दार बाहेरून फळ्यांनी बंद केलं. इथे मात्र स्क्रू वापरले, तार नाही, कारण तार कुणीही पकडीने कापू शकतो. राहतं घर आणि बंद घर झाकायची रीत वेगळी. बंद घरात बाहेरच्याला शिरता येऊ नये. राहत्या घरातून आतल्याला कधीही बाहेर पडता यावं. निदान एक दार आतून, अंधारात, हत्याराशिवाय उघडलंच पाहिजे. ते बघितल्याशिवाय मी घर सोडत नाही.

साडेपाच

बंगल्यात गेलो. तिथली काच टफन केलेली, म्हणून फुटून तिचे बारीक दाणे झाले होते. ते सहसा खोल कापत नाहीत, पण गालिचात रुततात. गालिचे गुंडाळून बाहेर काढले. खिडक्यांना गज नाहीत आणि चौकटी अॅल्युमिनियमच्या, त्यामुळे आधाराला लांब बोल्ट लागले. आरपार बोल्ट, आत आणि बाहेर आडवी फळी, नट आतल्या बाजूला. पावसाच्या सरी सुरू झाल्या होत्या, त्या थांबेपर्यंत फळ्या हाताने धरून उभे राहिलो.

परतताना बायका विचारत होत्या, "दादा, उद्या वटपौर्णिमा. वड कुठला उभा आहे का?" देवळामागचा वड पडला होता. शाळेजवळचा फांद्या मोडून का होईना, उभा होता, तो सांगितला.

रात्री साडेआठ

कंदिलाच्या उजेडात पटाशीला धार लावली आणि वही काढली. ज्या-ज्या खिडक्या झाकल्या त्यांची लांबी-रुंदी घरवार लिहिली. मजुरीचे आकडे लिहिले नाहीत, मालाचे लिहिले. दुसऱ्या दिवशी कुणाकडे जायचं ती नावं लिहिली. बाळंतीण असलेलं एक घर कोळीवाड्यात होतं, ते सगळ्यांच्या वर घेतलं.

ती वही पुढच्या वर्षी उघडली. १६ आणि १७ मे २०२१ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं. त्याच्या बातम्या यायला लागल्यावर मापं वहीत तयारच होती. फळ्या आधी कापल्या, मागे घराचं आणि खिडकीचं नाव रंगाने लिहिलं, आणि वारा येण्याआधी लावल्या. ग्रामपंचायतीत अर्जही दिला. दर मे महिन्यात गावच्या गोदामात हे सामान असावं: बारा एमएम प्लाय, बाइंडिंग तार, तीन इंची स्क्रू, लांब बोल्ट, ताडपत्र्या, चामडी मोजे, गॉगल, हाताने चालणारं गिरमिट. आणि किल्ली दोघांकडे असावी, त्यातला एक जण गावातच राहणारा.