आधी ब्रेक, मग ताकद

मंडळी, रोज कुंभारीहून सोलापूरला जायला आमच्या मुलाला दणकट इंजिनाची गाडी हवी आहे. मी म्हटलं, “अश्वशक्तीचा खरा कस मोठ्या वेगात. सिग्नलवरून उठायला इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, हवा.”

“अन् ओव्हरटेक करताना, अब्बा?”

“तिथं ताकद कामी येते. पण आधी ब्रेक आणि टायर बघ.”

ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेग असला, की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. आमच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ साली विडी कामगार महिलांना १० हजार घरं मिळाली. विड्यांची पिशवी सांभाळत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला तुमची अश्वशक्ती दिसत नाही. तिला गाडी थांबायला हवी असते.