संगणक जागा होत नाहीं तेव्हां

सकाळची वेळ आहे. घरांतील मुलाची परीक्षा चार दिवसांवर आलेली असून वर्षभराचीं त्याचीं सर्व टिपणें संगणकांत आहेत. कळ दाबली जाते, पंखा फिरूं लागतो, दीड मिनिट तसेंच जातें, आणि नित्याच्या चित्राऐवजीं काळ्या भूमीवर पांढऱ्या अक्षरांच्या कांहीं ओळी उमटून सर्व व्यवहार स्तब्ध होतो. अशा प्रसंगीं कोणी तीच कळ पुनःपुन्हा दाबतो, तर कोणी दुकानाकडे धांव घेतो. दुकानांत बहुधा एकच उपाय सांगण्यांत येतो. तो हा कीं, सर्व पुसून टाकावें आणि नव्यानें प्रणाली बसवावी. दिवा लागत नाहीं म्हणून घर पाडून नवें बांधावें, तशांतलाच हा उपाय होय. नवें घर उभें राहील; परंतु जुन्यांतील चीजवस्तू ढिगाऱ्याखालीं जाईल तिचें काय?

वस्तुतः सुरू न होणाऱ्या यंत्रांतील कागदपत्र बहुतेक वेळां जागच्या जागीं सुखरूप असतात. बिघडलेली असते ती त्यांच्यापर्यंत पोहोंचण्याची वाट. ती कोठें तुटली तें शांतपणें शोधावें, एवढेंच काय तें कार्य. आणि लिनक्स या प्रणालींत तें पुष्कळच सुकर आहे. हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं या प्रणालीचा गाभा प्रथम प्रसिद्ध केला. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगांतील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादींत एकूणएक यंत्र याच गाभ्यावर चालणारें आहे. हिचा मोठा गुण असा कीं, आपण काय करीत आहोंत आणि कोठें अडलों आहोंत, हें ती लपवून ठेवीत नाहीं. वाचणारा मात्र पाहिजे.

संगणक सुरू होणें ही एक क्रिया नसून पांच क्रियांची मालिका आहे. शाळा कशी भरते तें आठवावें. प्रथम शिपाई येतो, फाटक उघडतो आणि फेरी मारून सर्व ठाकठीक आहे कीं नाहीं तें पाहतो. मग तो कारकुनास हांक मारतो. कारकून मुख्याध्यापकांस आणतो आणि त्यांच्या हातीं किल्ल्यांचा जुडगा देतो. मुख्याध्यापक कपाटें उघडतात. नंतर हजेरी होते, वेळापत्रकाप्रमाणें तास लागतात, आणि शेवटीं बाहेरून आलेल्या पाहुण्यास आंत घेतलें जातें. संगणकांतील शिपाई म्हणजे फर्मवेअर. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. कारकून म्हणजे ग्रब हा लहानसा कार्यक्रम. मुख्याध्यापक म्हणजे कर्नल, अर्थात् लिनक्सचा गाभा; आणि त्याचा जुडगा म्हणजे इनिट-रॅम-एफएस नांवाची फाइल. हजेरी व वेळापत्रक सांभाळणारा तो सिस्टम-डी. पाहुण्यास नांव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा सर्वांत शेवटचा.

या मालिकेंत एक मर्म आहे. प्रत्येकाचें काम पुढच्यास बोलावल्यानेंच पुरें होतें. म्हणून पडद्यावर ज्याची खूण दिसते त्याच्या आधींचे सर्व आपापलें काम करून गेले, असें बहुधा समजण्यास हरकत नाहीं. दोष त्याच्यांत किंवा त्याच्या पुढच्यांत असणार. एवढ्या एका विचारानें निम्मा शोध संपतो.

प्रथम शिपायाचें पाहूं. पडदा अगदींच कोरा असेल, किंवा सुरू होण्यास योग्य असें साधन सांपडलें नाहीं असा संदेश येत असेल, तर लिनक्सची प्रकृति तपासण्यांत अर्थ नाहीं; पाळी तिच्यापर्यंत आलेलीच नसते. विजेची तार, पडद्याची तार व स्मृतीच्या पट्ट्या नीट बसलेल्या आहेत कीं नाहींत तें पाहावें. मग यंत्र सुरू होतांच डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबून फर्मवेअरच्या पानावर जावें. तेथें डिस्कचें नांव दिसतें काय? दिसत नसेल तर डिस्क किंवा तिची जोडणी सदोष आहे. दिसत असेल तर बहुधा क्रम बदललेला असतो. लिनक्सची नोंद यादींत वर आणली कीं भागतें. त्याच पानावरची तारीख कांहीं वर्षें मागें गेलेली दिसली, तर यंत्राच्या पाटावरील बटणाएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपली असें समजावें. ही बॅटरी संपली म्हणजे फर्मवेअर आपल्या निवडी विसरतो, आणि काल चालणारें यंत्र आज विनाकारण अडल्यासारखें दिसतें.

विंडोज व लिनक्स एकाच यंत्रांत नांदत असतील तर आणखी एक कारण संभवतें. २०२४ च्या ऑगस्टमध्यें मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-सुधारणेनंतर अशा अनेक यंत्रांवर लिनक्स उठेनासें झालें. सिक्युअर बूट नांवाचा पहारेकरी लिनक्सच्या जुन्या दाखल्यास अमान्य करूं लागला होता. अशा वेळीं फर्मवेअरच्या पानावर तो पहारा तात्पुरता बंद करावा, लिनक्स सुरू करून त्यांतील सर्व सुधारणा उतरवून घ्याव्या, आणि पहारा पुन्हा चालू करावा. तेवढ्यानें न भागल्यास नवा नियम पुसणारी एक आज्ञाही आहे. कोणाचेंही एक अक्षर पुसण्याची गरज पडत नाहीं.

दुसरा कारकून. पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच शब्द येऊन खूण लुकलुकत राहिली, तर कारकून आला आहे, पण त्याचें दप्तर जागेवर नाहीं, असा त्याचा अर्थ. डिस्कचा एखादा विभाग काढून टाकला किंवा विभागांची फेरवांटणी केली म्हणजे असें होतें. येथें 'एलएस' ही आज्ञा दिली असतां विभागांची यादी मिळते. ज्या विभागांत बूट व त्यांत ग्रब हा कप्पा आहे तो शोधून, 'सेट' या आज्ञेनें रूट व प्रीफिक्स यांस त्याचा पत्ता द्यावा; मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि शेवटीं 'नॉर्मल' असें लिहावें. परिचित यादी समोर येते. हा उपाय त्या एका वेळेपुरताच असतो. प्रणाली उठल्यावर ग्रब-इन्स्टॉल करून कारकुनास दप्तर कायमचें नेमून दिलें नाहीं, तर उद्यां सकाळीं पुन्हा तेंच होणार.

तिसरें स्थान मुख्याध्यापकांचें. येथें एक कोडें आहे. कपाटाच्या किल्ल्या कपाटांतच ठेवल्या तर कपाट उघडावें कसें? डिस्क वाचण्याचें ज्ञान डिस्कवरच असेल तर डिस्क वाचावी कशी? म्हणूनच तो जुडगा निराळा बांधून कारकुनाकडे दिलेला असतो. हा जुडगा हरवला किंवा अर्धवट राहिला, तर कर्नल हतबल होऊन 'कर्नल पॅनिक' असे शब्द लिहितो आणि मूळ फाइलव्यवस्था जोडतां येत नाहीं, असें सांगून थांबतो. शब्द भयंकर वाटले तरी कारण पुष्कळदां क्षुल्लक असतें. प्रत्येक सुधारणेबरोबर नवा कर्नल येतो व जुनेही राहतात. बूटचा स्वतंत्र विभाग लहान असला तर तो भरून जातो, आणि नवा जुडगा बांधण्यास जागा उरत नाहीं. ऐन सुधारणेंत वीज गेली तरी हाच प्रकार. उपाय असा कीं, यंत्र सुरू होतांना शिफ्ट, आणि यूईएफआयच्या यंत्रांत एस्केप, ही कळ दाबून ग्रबची यादी बोलवावी. तींत प्रगत पर्यायांची ओळ असते; तिच्याखालीं आधींचा कर्नल निवडावा. जुने मुख्याध्यापक शाळा भरवूं शकतात. मग आंत जाऊन निकामी झालेले कर्नल काढावे आणि जुडगा नव्यानें बांधवावा. डेबियन व उबुंटू यांत त्या आज्ञेचें नांव अपडेट-इनिट-रॅम-एफएस.

कधीं कधीं कर्नल चालू लागतो, परंतु पडदा काळा पडतो. तेथें दोष बहुधा चित्रपटलाच्या चालकांत असतो. ग्रबच्या यादींत 'ई' ही कळ दाबली असतां कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांची ओळ दिसते. तिच्या अखेरचे 'क्वाएट' व 'स्प्लॅश' हे शब्द काढून टाकावे. म्हणजे प्रणाली मौन सोडून एकेक पायरी पडद्यावर लिहूं लागते. 'नोमोडसेट' हा शब्द जोडला तर साध्या चित्रावर काम भागवून ती पुढें सरकते. मग कंट्रोल व एक्स या कळा एकत्र दाबाव्या. हा बदल त्या एका आरंभापुरताच टिकतो. चूक झाली तरी पुढच्या खेपेस सर्व पूर्ववत् होतें. म्हणून हें पान उघडण्यास नवशिक्यानेंही भिऊं नये.

चौथी हजेरी. घरगुती यंत्रांतील पुष्कळ अडथळे येथें उद्भवतात. एफएस-टॅब नांवाची एक साधी मजकुराची फाइल असते. तीच हजेरीपट. कोणकोणते विभाग सुरुवातीसच जोडावयाचे हें तींत लिहिलेलें असून प्रत्येकाची ओळख बहुधा अंकाक्षरांच्या एका खुणेनें पटविली जाते. एखादी जादा डिस्क काढून घेतली, किंवा ती पुसून पुन्हा घडविली, तर ती खूण नाहींशी होते. सिस्टम-डी त्या गैरहजर विद्यार्थ्याची ९० सेकंद वाट पाहतो आणि मग आपत्कालीन अवस्था जाहीर करून थांबतो. येथें व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द देऊन आंत जावें. 'जर्नल-सीटीएल' ही आज्ञा कोणाची वाट पाहिली तें सांगते. 'ब्लॉक-आयडी' ही प्रत्यक्ष हजर असलेल्यांच्या खुणा दाखविते. दोन्ही ताडून पाहतांच चूक कळते. त्या ओळीच्या आरंभीं हॅशचें चिन्ह घातलें कीं ती निष्प्रभ होते. जी डिस्क कधीं असते, कधीं नसते, तिच्या ओळींत 'नोफेल' हा शब्द लिहून ठेवावा. गैरहजर असली तरी शाळा भरेल, असा त्याचा अर्थ.

एकाएकीं वीज गेल्यामुळें फाइलव्यवस्थेंत विस्कळीतपणा आला, तर प्रणाली एफएस-सीके हातानें चालविण्यास सांगते. ही तपासणी विभाग जोडलेला नसतांनाच करावी. पडद्यावर इनपुट-आउटपुट एरर, म्हणजे वाचतांच येत नाहीं, अशा तक्रारी येत असतील तर मात्र तिला मुळींच हात लावूं नये. ती डिस्क मरणोन्मुख असते, आणि दुरुस्तीचा प्रत्येक फेरा तिच्या उरलेल्या आयुष्यांतून खर्च होतो. आधीं कागदपत्र बाहेर काढावे, दुरुस्ती मागाहून.

पांचवा पाहुण्याचा पडदा. परवलीचा शब्द बरोबर असूनही पुन्हा तोच पडदा समोर येत असेल, तर पुष्कळदां डिस्क कांठोकांठ भरलेली असते. पाहुण्यास बसावयास जागा नसते. कंट्रोल, ऑल्ट व एफ-थ्री या कळा एकत्र दाबल्या म्हणजे साध्या अक्षरांचा पडदा मिळतो. तेथें 'डीएफ' या आज्ञेनें जागेचा हिशेब पाहावा आणि नको असलेल्या फाइली काढाव्या.

आणि कोणतीच वाट उघडली नाहीं तर? तरीही पुसून टाकण्याची घाई नको. दुसऱ्या यंत्रावर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करावा आणि त्यावरून अडलेलें यंत्र सुरू करून, बसविण्याचा नव्हे तर वापरून पाहण्याचा पर्याय निवडावा. आंतील डिस्क तशीच राहते, आणि तिच्यावरील कागदपत्र दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतां येतात. डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर तिचा परवलीचा शब्द मात्र लागतो. तो विसरला तर कोणीही जाणकार तिचें कुलूप उघडूं शकणार नाहीं.

आरंभींच्या त्या घरीं काय झालें होतें? आदल्या सायंकाळीं मुलानें यंत्रांतील एक जुनी डिस्क काढून मित्रास दिली होती. तिची ओळ हजेरीपटांत तशीच राहिली. टिपणें दुसऱ्याच डिस्कवर होतीं आणि त्यांस यत्किंचितही धक्का लागला नव्हता. एका ओळीपुढें एक चिन्ह घालावयाचें, एवढीच ती दुरुस्ती. पडद्यावरील ओळींनीं तें कारण शोधण्याची आज्ञा नांवानिशीं सांगितली होती. त्या न वाचतां यंत्र दुकानांत गेलें असतें, तर चार दिवसांवर आलेल्या परीक्षेचा सर्व अभ्यास दोन घटकांत पुसला गेला असता.

सारांश, यंत्र अडलें असतां प्रथम हात आवरावा आणि पडद्यावर काय लिहिलें आहे तें शब्दशः उतरवून घ्यावें. मग काल यंत्रांत काय बदललें तें आठवावें. त्यानंतर कागदपत्र बाहेर काढावे, आणि मगच दुरुस्तीस हात घालावा. आणि ज्याचें यंत्र आज विनातक्रार चालत आहे त्यानें आजच एक लाइव्ह पेनड्राइव्ह करून कपाटांत ठेवावा व आपल्या कागदपत्रांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर काढावी. विहीर आग लागण्यापूर्वींच खणलेली बरी.