राधानगरीत तलावाकाठी जागा घ्यायचीय? आधी हे बघा

ऊसबिल खात्यावर आलं की आपल्या बिद्री भागात एक बेत हमखास निघतो. राधानगरीला तलावाकाठी चार-पाच गुंठे घ्यायचे, दोन खोल्या काढायच्या, होमस्टे सुरू. बेत वाईट नाही. पण त्यातला 'चार-पाच गुंठे' हा शब्दच आधी अडतो.

शेतजमीन विकत घ्यायला तुम्ही शेतकरी असायला लागता. वर तुकडेबंदी आहे. 2023 च्या अधिसूचनेनुसार बागायत किमान 10 गुंठे आणि जिरायत 20 गुंठे. त्याच्या खालचा तुकडा सरळ खरेदीखतानं नावावर होत नाही. मग एजंट म्हणतो, "दहा जण मिळून घ्या, सातबारावर सामाईक नावं लावू." नावं लागतात हो, पण तुमचा हिस्सा नेमका कुठला, ते कागदावर कुठंच नसतं. उद्या कर्ज मागायला गेलात की बँक हात आखडता घेते. आणि नोटरीच्या कागदानं मालकी मिळत नाही, कुणी कितीही गोड बोलू दे.

सातबारा हातात आला की पहिलं 'भोगवटादार वर्ग' बघा. धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनी बहुतेक वर्ग 2 मध्ये असतात, परवानगीशिवाय विकता येत नाहीत. इतर हक्कात काय लिहिलंय तेही वाचा. काठाची जागा धरणासाठी संपादित झालेली नाही ना, याची मोजणी नकाशावर खात्री करा.

दुसरी गोष्ट जंगलाची. राधानगरी अभयारण्याभोवती 2020 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन हॉटेल-रिसॉर्टला परवानगी नाही. त्यामुळं गट नंबर घेऊन आधी वनविभागात जायचं, मग इसाराचं बोलायचं. नदीकडची जागा असेल तर पूररेषाही विचारा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको. 2019 आणि 2021 चा पूर आपण बघितलाय.

आता धंद्याचं गणित. समजा जागा आणि बांधकाम मिळून 20 लाख गेले. दहा टक्क्यांनी व्याजच वर्षाला 2 लाख. दोन खोल्या, 2,000 भाडं, वर्षात 30 शनिवार-रविवार फुल्ल धरले तरी 120 मुक्काम, म्हणजे 2 लाख 40 हजार. त्यातून लाइटबिल, चादरी धुणं, राखणदार. हातात काय उरलं? मधल्या वारी गिऱ्हाईक कमी, पावसाळ्यात दाजीपूरची जंगलसफारी बंद. राऊतवाडीचा धबधबा बघायला गर्दी येते, पण त्यातले बरेच जण संध्याकाळी घरी परततात.

माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष गावातलंच घर 11 महिन्यांच्या करारानं भाड्यानं घ्या. मालकाची लेखी संमती घेऊन चालवून बघा. काजव्यांच्या दिवसांत किती फोन येतात, जेवणाला किती खर्च येतो, हे वहीत लिहा. आकडे जमले तरच खरेदी.

आणि जागा बघायला सप्टेंबरात जाऊ नका. तेव्हा पाणी दारात दिसतं. मे महिन्यात जा, पाणी किती लांब सरकतं ते कळेल. त्याच फेरीत विहीर किंवा बोअरला पाणी आहे का, तेही बघून या. इसार द्यायचाच झाला तर चेकनं द्या, आणि तोही वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट आल्यावर.