एकाच छपराखाली: न्यूयॉर्कची हिरवी इमारत आणि कॉमिक्स

जुन्या कॉमिक्सच्या चाहत्यांनी न्यूयॉर्कच्या ३३०, वेस्ट ४२वा रस्ता हा पत्ता लक्षात ठेवावा. ही मॅकग्रॉ-हिल बिल्डिंग. रेमंड हूड या वास्तुरचनाकाराने आखलेली, निळसर-हिरव्या टेराकोटाने मढवलेली ही उंच इमारत १९३१ मध्ये उभी राहिली. तेव्हाची मालक मॅकग्रॉ-हिल म्हणजे 'बिझनेस वीक'सारखी व्यापार-उद्योगाची मासिकं-साप्ताहिकं काढणारी भारदस्त प्रकाशनसंस्था.

याच इमारतीत भाडेकरू होते मार्टिन गुडमन. स्वस्त कागदावरच्या कथामासिकांचे हे प्रकाशक १९३९ मध्ये कॉमिक्सकडे वळले आणि 'मार्व्हल कॉमिक्स'चा पहिला अंक आला. मार्च १९४१ असा महिना छापलेला 'कॅप्टन अमेरिका'चा पहिला अंकही याच काळातला. जो सायमन आणि जॅक कर्बी यांचा हा नायक मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावतो, तेही अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याआधी!

पुढे गुडमन यांची कंपनी एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये गेली, मग मॅडिसन ॲव्हेन्यूवर. तिथेही मासिकं आणि कॉमिक्स शेजारीशेजारीच. १९६०च्या दशकात कॉमिक्सचे लेखक-संपादक स्टॅन ली सुपरहिरो घडवत होते, तेव्हा गुडमन यांच्याच पुरुषांच्या मासिकांसाठी साहसकथा लिहीत होते मारिओ पुझो. होय, 'द गॉडफादर'वाले!

दोन्हींचा मालक एकच. मासिकांचा धंदा कॉमिक्सच्या पाठीशी होता. कॉमिक्सचा इतिहास वाचताना शेजारच्या टेबलावरची मासिकंही जरूर पाहा.

#जुनीकॉमिक्स #न्यूयॉर्क