दावापूर्व सलोखा : दख्खनमधील एक जुना प्रयोग आणि आजची मध्यस्थी

तंटा न्यायासनासमोर न नेता मिटविण्याच्या ज्या रीती आहेत, त्या सर्वांनाच मराठीत सैलपणे ‘मध्यस्थी’ म्हणण्याचा प्रघात आहे. शास्त्रीय चर्चेत हा सैलपणा अडचणीचा ठरतो. लवाद निवाडा देतो आणि तो उभय पक्षांवर बंधनकारक असतो. मध्यस्थ निवाडा देत नाही. पक्षकारांचे बोलणे घडवून आणणे, प्रत्येकाची एकांतात भेट घेऊन त्याची खरी गरज जाणून घेणे आणि तोडग्याची वाट मोकळी करणे एवढेच त्याचे काम. तोडगा पक्षकारांचाच असतो, आणि तो त्यांनी नाकारला तर मध्यस्थाजवळ कोणतेही शस्त्र उरत नाही.

मराठेशाहीतील गोतसभा व पंचायत यांना आजच्या मध्यस्थीचे पूर्वरूप मानण्याकडे अलीकडे कल दिसतो. तो या कसोटीवर टिकत नाही. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या सभांच्या कार्यपद्धतीची सविस्तर छाननी आहे. वादी-प्रतिवादींकडून निवाडा मान्य करण्याबद्दल आधीच राजीनामा लिहून घेत, जामीन घेत, आणि निकालानंतर हरलेल्या पक्षाकडून येजितखत घेत. संमती होती खरी, पण ती निवाड्यापूर्वी दिलेली संमती होती. प्रत्यक्ष तोडग्याला संमती देण्याचा किंवा न देण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नसे. पंचायत ही लवादाच्या कुळातली. मध्यस्थीचा पूर्वज शोधायचा तर तो दुसरीकडे, आणि बराच अलीकडे सापडतो.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला व त्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती लागले की ते जाळून टाकीत. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला असे आढळले की, कर्जाचे दावे मोठ्या प्रमाणात प्रतिवादीच्या गैरहजेरीत, एकतर्फी निकालात निघत होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो; परंतु ही म्हण वादीला उद्देशून आहे. प्रतिवादीने पायरी चढली नाही तर हुकूमनामा त्याच्या दारी येतो.

या परिस्थितीवर उपाय म्हणून १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. कर्जाचा इतिहास पहिल्या व्यवहारापासून तपासावा, केवळ रोख्यावरील आकड्यावर विसंबू नये, असे बंधन या कायद्याने न्यायालयांवर घातले. त्याच कायद्यात सलोख्याचे एक स्वतंत्र प्रकरण होते. पोलीस अधिकारी सोडून कोणाही व्यक्तीला सरकार ‘सलोखाकर्ता’ म्हणून नेमू शके. जेथे असा सलोखाकर्ता नेमलेला असेल, तेथील शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी त्याच्याकडे जाणे आवश्यक होते आणि समेट न झाल्याचा त्याचा दाखला जोडल्याखेरीज न्यायालय दावा दाखल करून घेत नसे. समेट झालाच तर करार दिवाणी न्यायालयाकडे जाई. तो दाखल का करू नये याबद्दल हरकत घेण्यास एक महिन्याची मुदत असे. त्यानंतर तो न्यायालयात दाखल झाला की त्याला हुकूमनाम्याचे बळ येई. दाव्यापूर्वी सलोख्याची सक्ती ही कल्पना आज नवी म्हणून मांडली जाते. तिचा आराखडा या प्रकरणात जवळजवळ पूर्ण सापडतो.

या योजनेतील दोष मात्र तिच्या रचनेतच होता. न्यायालयात गेलेल्या दाव्यात कर्जाचा मागचा इतिहास उकरला जाणार होता, सावकाराला वह्या दाखवाव्या लागणार होत्या, चढवलेले व्याज वजा होणार होते. सलोखाकर्त्यापुढे यांतले काहीच अटळ नव्हते. ऋणकोने रक्कम कबूल केली की करार झाला आणि महिन्याभराने हुकूमनामा तयार! ज्या छाननीसाठी कायदा केला, तीच टाळण्याचा मार्ग त्याच कायद्याने उघडून दिला. हरकत घेण्याची सोय कागदावर होती. पण पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी त्याच सावकाराच्या ओट्यावर जाणारा निरक्षर कुणबी तालुक्याच्या न्यायालयात जाऊन आपलीच कबुली खोडून काढील, ही अपेक्षा धाडसाची होती. या तरतुदींवर पुढे टीका होत राहिली आणि अखेर त्या कायम राहिल्या नाहीत. सलोखाकर्ते अप्रामाणिक होते असे सरसकट म्हणण्याचे कारण नाही. सलोखाकर्ता प्रामाणिक असला, तरी ज्याला नकार परवडत नाही त्याच्या होकाराचे मोल किती, हा प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाने सुटत नाही.

स्वतंत्र भारतात या विषयाला गती उशिरा मिळाली. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ नव्या रूपात १ जुलै २००२ पासून अमलात आले. त्याची भाषा इतकी ढिसाळ होती की, ‘मध्यस्थी’ व ‘न्यायिक समझोता’ यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाला २०१० मधील ॲफकॉन्स प्रकरणात सांगावे लागले. संज्ञांची सैल योजना केवळ सामान्य बोलण्यापुरती मर्यादित नाही, याचा हा दाखलाच होय. त्याच निकालात कोणती प्रकरणे मध्यस्थीकडे पाठवू नयेत याची यादी आहे, आणि लबाडी, बनावट दस्तऐवज व जबरदस्ती यांचे गंभीर व विशिष्ट आरोप असलेली प्रकरणे तीत आहेत. १८७९ च्या सलोखाकर्त्यापुढे नेमकी तीच येत असत.

सक्तीचा प्रश्न २०१८ मध्ये पुन्हा उभा राहिला. वाणिज्यिक न्यायालय कायद्यात कलम १२अ घालण्यात आले : तातडीच्या अंतरिम दिलाशाची मागणी नसेल तर आधी मध्यस्थी, मग दावा. ही तरतूद आज्ञार्थी आहे, तिचे पालन न करता लावलेला दावा फेटाळला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात ठरविले. व्यापारी तंट्यांत हे एका अर्थी सुसह्य आहे. दोन्ही बाजूंना हिशेब कळतो, सल्लागार असतात, आणि नकार देऊन न्यायालयात जाण्याची ऐपत असते. २०२१ च्या मध्यस्थी विधेयकाने मात्र हीच सक्ती सर्व दिवाणी तंट्यांना लावू पाहिली. संसदेच्या स्थायी समितीने तिचा फेरविचार करण्याची शिफारस केली, आणि २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात दावापूर्व मध्यस्थी उभय पक्षांच्या इच्छेवर सोपविण्यात आली. चर्चेत दख्खनच्या अनुभवाची आठवण कोणी काढली असो वा नसो, निष्कर्ष त्या अनुभवाशी जुळणारा आहे.

तथापि सक्ती गेली म्हणून जुनी अडचण संपूर्ण गेली असे म्हणता येत नाही. २०२३ च्या कायद्यानुसार पक्षकारांच्या सह्यांचा व मध्यस्थाने प्रमाणित केलेला समझोता हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो. त्याला आव्हान देण्याची कारणे चारच : लबाडी, भ्रष्टाचार, तोतयेगिरी, आणि विषयच मध्यस्थीस अपात्र असणे. मुदत नव्वद दिवसांची, सबळ कारण दाखविल्यास आणखी नव्वद दिवसांपर्यंत वाढविता येण्याजोगी. करारातील अटी न समजता सही झाली, किंवा नकार देण्याची ताकदच नव्हती, ही कारणे या यादीत नाहीत. समझोत्याला स्थैर्य हवे असेल तर आव्हानाची दारे अरुंद ठेवावी लागतात, हा यावरचा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. पण त्यामुळे सगळा भार मध्यस्थावर येऊन पडतो. दुबळ्या पक्षाला करार खरोखर उमगला आहे काय, बाहेर कोणी त्याची वाट पाहत बसले आहे काय, हे एकांतातील भेटीतच समजू शकते, आणि त्या भेटीत झालेले बोलणे गोपनीय असल्याने पुढे न्यायालयाला त्याचा पडताळा घेता येत नाही.

याच कायद्यातील सामुदायिक मध्यस्थीचे प्रकरण या दृष्टीने अधिक सावध आहे. गावातील किंवा वस्तीतील शांतता बिघडविणारे तंटे तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे ठेवण्याची सोय त्यात आहे. दोन्ही बाजूंची आधी संमती लागते. मंडळापुढे झालेला समझोता लेखी असतो, त्यावर सह्या होतात, पण त्याला हुकूमनाम्याचे बळ दिलेले नाही. ज्या सलोखाकर्त्याच्या कागदामागे १८७९ मध्ये बेलिफ उभा होता, त्याच्या आजच्या वारसाकडे केवळ कागद आहे.