विदाउट तिकीट आलेली झुडपं!

बडोदेकर मंडळी, बाजवा स्टेशनला उतरलात की मोबाइल खिशात टाका आणि रुळांच्या कडेला बघा. गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं आणि वर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं दिसली? हेच ते गाजर गवत! प्रत्येक फुलाला पाच कोपरे, आत बिया बहुधा पाचच. पण एका झाडाची बेरीज? १५ ते २५ हजार! वारा, नाल्याचं पाणी, ट्रकचं टायर, चिखलाचा बूट... यांना कुठलीही गाडी चालते, तिकीट कुणी काढत नाही.

माहीत आहे का? मूळच्या मेक्सिकोकडच्या या तणाचा भारतातला फैलाव पहिल्यांदा डोळ्यांवर आला तो १९५५मध्ये, थेट पुण्यात! ‘येथे उगवू नये’ अशी पुणेरी पाटीही कामी आली नसती. अमेरिकी गव्हातून ते आलं असं घरोघरी सांगतात, पण भारतातल्या त्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातल्याही आहेत.

याचा ताप खरा आहे हं. अंगाला पुरळ, काहींना दमा, शेजारच्या पिकाची उगवण कमी. गुरांनी खाल्लं तर दूध कडवट, म्हणजे सकाळच्या चहाचाही घोटाळा!

मग फौज मागवली. १९८४मध्ये मेक्सिकोचा झायगोग्रामा भुंगेरा बंगळूरला सोडला. तो गाजर गवताची पानं फस्त करतो. मध्येच तो सूर्यफुलावर दिसला आणि धाबं दणाणलं! तपासाअंती सूर्यफुलाला मोठा धोका नाही असं ठरलं.

आता गुजरातचा सुपरस्टार: गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ. रण पुढे सरकू नये म्हणून १९६१च्या सुमारास वनखात्यानंच ती कच्छच्या बन्नीत लावली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, बिया शेणातून पडल्या. होम डिलिव्हरी, वर खत फ्री! नावाजलेल्या गवताळ रानाचा जवळपास निम्मा भाग तिनं गिळला. आणि मुळं? माहीत आहे का, अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका खाणीत तिच्याच कुळातल्या झाडाची मुळं ५३ मीटर खोल सापडली होती!

पाण्यातही तीच गत: बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मगरींना शेजार जलपर्णीचा. अनुकूल हवेत ही बाई दोनेक आठवड्यांत दुप्पट होते.

तण खाणाऱ्या किड्यांचा मान बघायचाय? ऑस्ट्रेलियात तर निवडुंग फस्त करणाऱ्या पतंगाच्या नावानं सभागृह आहे! क्वीन्सलँडच्या बूनार्गा गावात, १९३६पासून.

तिथं परदेशी रोपाला आधी परीक्षा द्यावी लागते. ४९ प्रश्न: दुसरीकडे तण झालं होतं का? काटे आहेत? बिया कपड्याला चिकटतात? सहाच्या वर गुण गेले की प्रवेश बंद. जास्त मार्क म्हणजे नापास! आपल्याकडे कोनोकार्पस हा परदेशी वृक्ष आधी रस्तोरस्ती लावला आणि २०२३मध्ये गुजरात वनखात्यानं त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परीक्षा आधीच घ्यायला हवी, मला तरी यात दुमत दिसत नाही.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह असतो. जमीन ओली असते, झाड मुळासकट निघतं. हातमोजे घाला, फुलं यायच्या आत उपटा. मोकळ्या जागेत टाकळा पेरा, गुजरातीतला कुवाडियो. तो दाट वाढून गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. कोवळ्या पानांची भाजी होते. लसूण आणि ओलं खोबरं विसरू नका!